काढून टाकलेलं थर्माकोल

दुकानात सहा सीटा मांडल्या होत्या आणि बाबांनी सहाही सीटांत अंगठा रुतवून पाहिला. फळवाल्याकडे चिकित्सक गिऱ्हाईक आंबा दाबून पाहतं ना, तसा. सहाही वेळा अंगठा फारसा आत गेला नाही आणि सहाही वेळा त्यांनी नाक मुरडलं.

"ही सीट आहे का शाळेतला बाक?" त्यांनी विक्रेतीला विचारलं.

"लहान मुलांच्या सीटा अशाच असतात काका. आतून कडक."

"कडक पाव खपतो, म्हणून काय कडक गादी शिवायची?"

विक्रेती हसली. ती हसली म्हणून ते आणखी चिडले.

बाबा म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं गाड्यांच्या सीटा शिवतात. फाटलेल्या, उसवलेल्या, कुत्र्याने कुरतडलेल्या, बसून बसून खड्डा पडलेल्या सीटा त्यांच्याकडे येतात आणि नव्या नवरीसारख्या होऊन परत जातात. काम संपलं की ते कोपऱ्यात, सहज दिसणार नाही असा, लाल दोऱ्याचा एक टाका घालतात. ती त्यांची सही. त्यांना कुणी चुकून 'गादीवाले' म्हटलं तर त्या माणसाची गाडी ते हातात घेत नाहीत. अशा माणसाला मी मुलांच्या सीटच्या दुकानात घेऊन गेले होते, ही माझी पहिली चूक.

पण न नेऊन चाललं नसतं. सोमवारी माझी रजा संपत होती. मी हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालते; पाळी सकाळी सातची. नवरा बेकरीत, पहाटेची भट्टी त्याची. आमची मुंगी सात महिन्यांची. खरं तर ती घरी आईंजवळच राहायची होती, पण महिन्यापूर्वी आई, म्हणजे सासूबाई, न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. ते प्लास्टर रजेवर असूनही मीच घातलं. तेव्हा ठरलं की मुंगीला पाळणाघरात ठेवायचं आणि रोज सकाळी बाबांनी तिला गाडीने पोचवायचं. गाडी बाबांची, हात बाबांचे, रस्ता बाबांच्या रोजच्या वाटेवरचा. माझी फक्त पोर.

मी करड्या रंगाची एक सीट निवडली. सगळ्यांत कुरूप तीच होती. पण तिच्या बाजू डोक्याच्या दोन्ही अंगांना खोल होत्या आणि पट्टे मुंगीच्या खांद्यांशी बरोबर येत होते. मी तिला बसवून पाहिलं. पट्टा ओढला आणि तिच्या गळ्याखालच्या हाडाजवळ चिमटीत धरून पाहिला. चिमटीत पट्टा आला नाही, म्हणजे घट्ट बसला. मुंगीने माझं बोट धरलं आणि तोंडात घातलं. तिला सीट पसंत होती, किंवा बोट.

"आणि हिला मागे तोंड करून बसवायचं," मी म्हणाले. "गाडीच्या पाठीकडे तोंड."

बाबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी जणू तिला डिकीत घाला म्हणाले.

"पाठमोरी? पोरगी काय कैदी आहे? तिला रस्ता दिसायला नको? आजोबा दिसायला नकोत?"

"मान कच्ची असते बाबा. धक्का बसला तर पाठीवर झेलला जातो."

"धक्का बसलाच पाहिजे का?"

परत येताना मी मागे मुंगीजवळ बसले. मुंगी पाठमोरी बसून मागच्या काचेतून पळणारी झाडं बघत होती आणि फार खूश होती. तिचं हसू फक्त मला दिसत होतं. बाबा आरशात बघत होते, आरशात फक्त सीटची करडी पाठ होती.

घराजवळ आल्यावर ते म्हणाले, "ठेव ती गाडीतच. नीट बसवून घेतो कारखान्यात. हलतेय."

हलत नव्हती. पण मी म्हणाले, बरं.

ही दुसरी चूक.

*

शुक्रवारी संध्याकाळी ते सीट घेऊन वर आले. दाराला पाय लावून दार उघडलं, कारण दोन्ही हात भरलेले होते, आणि सीट बैठकीच्या मधोमध ठेवली.

मी ओळखलीच नाही. गडद लाल मखमल. कडेला बारीक गोट, एका रेषेत, एकही टाका वाकडा नाही. डोक्याशी दोन छोट्या उशा, पट्ट्यांनाही मखमलीची जाड गुंडाळी. खाली, डाव्या कोपऱ्यात, लाल टाका.

"आता लाव अंगठा," बाबा म्हणाले.

लावला. अंगठा आत गेला आणि फोमने तो हळूच बाहेर ढकलला.

खोटं कशाला बोलू, सुंदर होती. त्यांनी जीव ओतला होता. बोटांना पट्टी होती, डोळे लाल होते, आणि त्यांनी मुंगीला उचलून मांडीवर घेतलं तेव्हा ते साठीचे नाही, तिशीचे वाटत होते. आईंनी प्लास्टरचा हात सांभाळत मखमलीवरून दुसरा हात फिरवला. "माझ्या लग्नातली खुर्चीसुद्धा अशी नव्हती," त्या म्हणाल्या.

"तुझ्या बापाने भाड्याने आणली होती," बाबा म्हणाले.

मी हसले. सगळे हसले. मुंगीने आजोबांच्या स्वेटरवरून काहीतरी उचललं आणि तोंडात टाकलं. मी बोट घालून ते बाहेर काढलं. पांढरा, गोल, साबुदाण्याएवढा कण होता. मी तो पुसून टाकला. तेव्हा माझ्या डोक्यात काही आलं नाही.

शनिवारी सकाळी आलं.

प्लास्टर वाळलं की नाही हे मी टिचकी मारून ओळखते. ओलं प्लास्टर गप्प असतं, वाळलेलं उत्तर देतं. हाताला सवयच लागलीय. टेबल, भिंत, भोपळा, काहीही समोर आलं की मी टिचकी मारते. तशी सीटच्या डोक्याजवळच्या बाजूवर मारली. दुकानात ती 'टक' म्हणाली होती. आता 'भुस' म्हणाली.

मी दुसऱ्या बाजूला मारली. भुस.

मग मला बाबांच्या स्वेटरवरचा पांढरा कण आठवला.

बाबा स्वयंपाकघरात चहा घेत होते. आई शेजारी बसून एका हाताने वाटाणे सोलत होत्या, म्हणजे वाटाण्यांशी भांडत होत्या.

"बाबा, सीटमधलं थर्माकोल कुठंय?"

"टाकलं."

"टाकलं?"

"मग काय, जपून ठेवू? अगं, उघडून बघतो तर काय! आत नुसतं थर्माकोल. टीव्हीच्या खोक्यात घालतात ते. वरून कापड ताणलं की झाली सीट. लबाड लेकाचे! म्हणून म्हटलं अंगठा का रुतत नाही. सगळं उपसून फेकलं आणि आपला फोम घातला, दुहेरी."

"ते पॅकिंग नव्हतं बाबा."

"मग काय होतं?"

"तीच सीट होती. बाकीचं सगळं नुसतं कापड."

त्यांनी कप खाली ठेवला. आवाज न करता. ते खरे चिडले की आवाज करत नाहीत.

मी सांगायला लागले. थर्माकोल चेपण्यासाठीच असतं. गाडी आदळली की ते चेपतं, फुटतं, तो सगळा धक्का स्वतःत जिरवतं, म्हणून डोकं शाबूत राहतं. फोम चेपतो आणि लगेच परत उसळतो. म्हणजे डोक्याला परत फेकतो. आणि पट्ट्याखाली जाड गुंडाळी असली की पट्टा घट्ट वाटतो पण नसतो. मी शक्य तितक्या सौम्यपणे सांगत होते. पण दवाखान्यात नातेवाइकांना समजावताना आवाज जसा होतो तसा माझा आवाज झाला असणार, कारण बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल होत गेल्या.

"फुटण्यासाठी वस्तू बनवतात?" ते म्हणाले. "चाळीस वर्षं झाली. फुटावी म्हणून काम करणारा कारागीर मी पाहिला नाही. तू पाहिलास काय गं?" हे आईंना.

"मी तुमच्याशिवाय कुणाला पाहिलंय?" आई म्हणाल्या.

"पुस्तिकेत लिहिलंय बाबा. आतल्या भागाला हात लावायचा नाही. हे बघा."

"ठेव ते तिकडे. पुस्तक वाचून सीट शिवायला लागलो असतो तर तुझ्या नवऱ्याच्या तोंडात घास गेला नसता. मला सीट शिकवतेस? मला?"

"मी तुमच्या कामाला नावं ठेवत नाहीये."

"नाही कशी? आणि कामालाच नाही, हातालाही ठेवतेस. गाडी आदळली तर, गाडी आदळली तर! मी आदळणार हे तू धरूनच चाललीस. चाळीस वर्षांत एक ओरखडा नाही माझ्या गाडीला. पोरीला घेऊन मी काय शर्यत लावणार आहे?"

"तुम्ही नाही आदळणार. दुसरा येऊन आदळेल."

"तोंडात काय शुभ येतंय सकाळी सकाळी!"

"बोलतेय ते पोरीसाठी बोलतेय ती," आई म्हणाल्या.

"तू वाटाणे सोल."

"एका हाताने सोलतेय. दुसरा तुमच्या सुनेने बांधलाय." मग माझ्याकडे वळून, "बाई, माझ्या हाताला बांधलंस, आता ह्यांच्या तोंडाला बांध. सहा आठवडे. मी फी देते."

एवढ्यात नवरा उठून आला. भट्टीवरून आला की तो दुपारपर्यंत झोपतो; केसांत पीठ, डोळे अर्धे मिटलेले. भांडण सुरू झालं की त्याची झोप गाढ होते, आज मात्र उडाली होती. त्याने दोन्हीकडचं ऐकलं आणि डोकं खाजवलं.

"म्हणजे कसंय," तो म्हणाला, "तुझंही बरोबर आहे आणि बाबांचंही."

"मग मुंगीचं डोकं अर्धं अर्धं ठेवू का?" मी विचारलं. "अर्धं तुझ्या बाबांच्या फोमवर?"

बाबा उभे राहिले.

"हे बघ," ते मला म्हणाले. माझ्याकडे न बघता, खुंटीवरच्या गाडीच्या किल्लीकडे बघत. "गाडी माझी. माझ्या गाडीत माझी सीट. नसेल पटत तर डॉक्टरीणबाई, तुमची पोरगी तुम्ही डोक्यावर घेऊन जा."

डॉक्टरीणबाई! लग्नाला चार वर्षं झाली. या घरात मला 'बाळ' म्हणणारे तेच एक होते.

ते गेले. जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला. मुंगी लाल मखमलीच्या सीटमध्ये बसून दोन्ही हातांनी उशी चावत होती. तिला ही सीटही पसंत होती. तिला सगळंच पसंत असतं, हीच तर माझी पंचाईत. तिच्या वतीने नापसंत करायला जगात मी एकटीच होते.

*

रविवारी कारखाना बंद असतो. बाबा रागावले की बंद कारखान्यात जाऊन बसतात. मी मुंगीला झोळीत छातीशी बांधलं आणि गेले. निघताना दवाखान्याच्या पिशवीतून माझी कात्री घेतली. का घेतली ते तेव्हा मला नीट माहीत होतं. उगाच भोळेपणाचा आव आणत नाही.

माझी कात्री बोथट नाकाची असते. प्लास्टरखालची पट्टी कापताना तिचं एक पातं पट्टी आणि कातडी यांच्यामधून सरकवायचं असतं. टोक असलं तर माणूस रक्तबंबाळ होईल. त्या कात्रीने मी तान्ह्या मुलांच्या पायांवरच्या पट्ट्या कापल्यात. एकदाही ओरखडा नाही. बाबांच्या गाडीइतकाच माझाही हिशोब स्वच्छ आहे.

कारखाना म्हणजे एक लांबोळी खोली. एका भिंतीला रेक्झिनच्या गुंडाळ्या उभ्या, दुसऱ्या भिंतीला सीटांचे उघडे सांगाडे, स्प्रिंगा बाहेर आलेले. मध्ये लांब हाताचं शिलाई मशीन. त्याच्या वर, खिळ्याला, हेल्मेट.

ते हेल्मेट आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. अकरा वर्षांपूर्वी बाबा स्कूटरवरून येत होते. उभ्या असलेल्या गाडीचं दार कुणीतरी न बघता उघडलं, बाबा उडाले आणि पदपथाच्या दगडी कडेवर डोकं आपटलं. दोन दिवस दवाखान्यात होते. डॉक्टर म्हणाले होते, हेल्मेट नसतं तर मी तुमच्याशी बोलत नसतो. तेव्हापासून ते हेल्मेट खिळ्याला आहे. डाव्या बाजूला भला मोठा ओरखडा. बाबा दर शनिवारी ते पुसतात, पण उघडत नाहीत, घालत नाहीत, कुणाला हात लावू देत नाहीत. गिऱ्हाइकांना लांबून दाखवतात. कारागिरी अशी पाहिजे, म्हणतात.

बाबा मशीनपुढच्या स्टुलावर बसले होते. हातात काम नव्हतं. मी आत आले तरी मान वर केली नाही.

"बाबा, मी भांडायला नाही आले."

"मग कशाला आलीस? माप द्यायला?"

"थर्माकोलचे तुकडे असतील तर द्या. निदान बघू तरी."

त्यांनी पायाने कोपऱ्यातल्या गोणीकडे दाखवलं. मी तोंड उघडून पाहिलं. तुकडे तुकडे झालेले. उपसताना मोडले होते. दोन बाजूंचे खोल वाडगे होते त्यांचा चुरा झाला होता. आता ते कुणाच्याच उपयोगाचे नव्हते.

"मिळालं समाधान?" बाबा म्हणाले. "एवढंसं बोटाने दाबलं तर तुटतंय. यावर माझ्या नातीचं डोकं ठेवायचं?"

मी मशीनजवळ गेले. मुंगी झोळीतून हेल्मेटकडे बघत होती. तिला चकाकणारं सगळं आवडतं.

"बाबा, हे कुणी बनवलं?"

"काय?"

"हे हेल्मेट."

"मला काय ठाऊक. कुठल्या कारखान्यातला कोण. पण ज्याने बनवलं त्याला मी हात जोडतो. रोज जोडतो."

"त्याने आत काय घातलं असेल?"

"उत्तम काहीतरी. बारीक दाण्याचा फोम असणार. तसा इथे मिळत नाही."

मी हात वर केला आणि हेल्मेट खिळ्यावरून काढलं.

"खाली ठेव ते."

मी उलटं केलं. आतलं अस्तर काळं, मऊ, कडेने चिकटवलेलं.

"सूनबाई, ठेव म्हणतो ना!"

मी कात्रीचं बोथट नाक अस्तराच्या कडेखाली सरकवलं. बाबा उठले. स्टूल मागे पडलं. त्यांनी माझ्याकडे दोन पावलं टाकली आणि थांबले, कारण माझ्या छातीशी मुंगी होती आणि माझ्या हातात कात्री. त्यांना थांबावं लागेल हे मला ठाऊक होतं. त्या क्षणी मी माझ्या लेकीला ढालीसारखी वापरली. त्याबद्दल मला अजून लाज वाटते. पण कात्री मी थांबवली नाही. अस्तर कापलं गेलं, कर्र कर्र, कपाळापासून कानापर्यंत, आणि मी ते सालीसारखं सोलून बाजूला केलं.

आत पांढरं होतं.

नुसतं पांढरं, दाणेदार थर्माकोल. उजव्या बाजूला गुळगुळीत. डाव्या बाजूला एक खळगा. ओल्या मातीत टाच रुतावी तसा, आणि त्याच्या तळातून बारीक तीन भेगा गेलेल्या.

बाबांचा हात आपोआप वर गेला. त्यांनी स्वतःच्या डाव्या कानशिलावर, कानाच्या जरा वर, बोटं ठेवली. हेल्मेट माझ्या हातात होतं आणि डोकं त्यांच्या हातात, पण जागा एकच होती.

तिथेच मी थांबायला हवं होतं. सगळं दिसलं होतं. पण शनिवार सकाळपासून माझ्या घशात 'डॉक्टरीणबाई' अडकली होती.

"हाही लबाड का?" मी विचारलं. "यानेही नुसतं पॅकिंगच भरलं?"

बाबांनी माझ्या हातातून हेल्मेट घेतलं. घेताना हाताला हात लागणार नाही असं घेतलं. खळग्यावरून अंगठा फिरवला. तो अंगठा, ज्याने दुकानातल्या सहा सीटा नापास केल्या होत्या. अंगठा खळग्यात बरोबर बसला नाही. खळगा मोठा होता.

"बाहेर हो," ते म्हणाले.

"बाबा..."

"बाहेर हो म्हटलं ना. ऊन झालंय, पोरीला टोपरं घाल आणि बाहेर हो."

*

दुपारी मी पुन्हा त्या दुकानात होते. नवरा बरोबर आला. मी त्याला उठवलं नव्हतं. तो आपणहून उठला, मी कारखान्यातलं सगळं सांगितलं, आणि पहिल्यांदाच तो 'दोघांचंही' म्हणाला नाही. "तू ते कापायला नको होतंस," तो म्हणाला. मग चपला घालत म्हणाला, "चल, दुकान लवकर बंद होईल."

विक्रेतीने मला ओळखलं. "परत तीच? पहिलीचं काय झालं?"

"घरच्यांनी सुधारली."

"अरे देवा," ती म्हणाली. "पुष्कळ जण सुधारतात. एका आजींनी पट्टे कडकडीत पाण्यात उकळले होते. स्वच्छ म्हणून."

"मग काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, आमच्या वेळी आम्ही मांडीवर घेऊन जायचो, कुणी मेलं का? मी म्हटलं, मेलेली पोरं कशी सांगायला येतील?" तिने खोकं काउंटरवर ठेवलं. तिचा आवाज सहज होता, पण खोकं तिने दोन्ही हातांनी ठेवलं, आत कुणी झोपलं असावं तसं.

बसमध्ये खोकं नवऱ्याच्या मांडीवर, मुंगी माझ्या. तिने त्याच्या केसांतलं पीठ काढायचा उद्योग घरापर्यंत चालवला.

बाबा रात्री जेवायला आले नाहीत. आईंनी त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. शनिवारी त्या माझ्या बाजूने होत्या. रविवारी नव्हत्या. फक्त झोपायला जाताना म्हणाल्या, "ते हेल्मेट दवाखान्यातून मी आणलं होतं घरी. पदरात गुंडाळून. रक्त धुतलं होतं." एवढंच.

सकाळी काय करायचं ते मी मनात मांडून ठेवलं. बाबा आले नाहीत तर दवाखान्यात कळवायचं, आणखी एक आठवडा रजा मागायची. मिळणार नाही हे ठाऊक होतं. मिळाली नाही तर नोकरी जाईल. जाऊ दे. मखमलीत माझी पोर बसणार नाही. एवढं ठरल्यावर मला शांत वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

सोमवारी सव्वासहाला मी खाली उतरले. एका काखेत करडी सीट, दुसऱ्या हातात पिशवी. मुंगी वर आईंजवळ झोपलेली होती.

इमारतीच्या दाराशी कचऱ्याचे डबे असतात. एका डब्यात, वरच, लाल मखमल होती.

मी थांबले. तीच सीट. रात्री आम्ही झोपल्यावर बाबांनी वर येऊन उचलून नेली असणार. दोन्ही पट्टे मुळाशी कापलेले. कात्रीच्या एकेका फटक्यात, सरळ, कारागिराने कापावेत तसे. असे पट्टे कापलेली सीट कुणी उचलून नेली तरी कुणाचं पोर तिच्यात बसवता येत नाही. मी वाकून डावा कोपरा पाहिला. लाल टाका नव्हता. उसवून काढला होता. जागेवर दोन बारीक भोकं होती. याआधी आयुष्यात कधी त्यांनी स्वतःचं केलेलं काम कापलं असेल असं मला वाटत नाही.

बाबा गाडीजवळ उभे होते. दाढी वाढलेली, स्वेटर कालचाच. मला बघून मान दुसरीकडे वळवली, पण हात पुढे केला. मी सीट दिली. त्यांनी ती बॉनेटवर ठेवली आणि डोक्याजवळच्या बाजूवर बोटाने टिचकी मारली. ऐकलं. दुसऱ्या बाजूला मारली. ऐकलं. हे त्यांनी माझ्याकडूनच घेतलं होतं, पण ते मी मेले तरी त्यांना म्हणणार नव्हते.

मग मागचं दार उघडलं, गुडघा सीटवर रोवला, सगळा भार टाकून गाडीचा पट्टा खेचला. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. सीट धरून हलवली. गाडी हलली, सीट नाही.

"पाठमोरी?" त्यांनी विचारलं. मला नाही, दाराला.

"पाठमोरी."

"रस्ता दिसणार नाही तिला."

मी दार जरा आणखी उघडून धरलं.

"पुस्तिका कुठंय?"

मी पिशवीतून काढून दिली. त्यांनी ती स्वेटरच्या आत, छातीशी खुपसली. "आठला तिला खाली आणायला सांग त्याला. भट्टीवरून लवकर ये म्हणावं. तुझी बस जाईल."

'बाळ' म्हणाले नाहीत. 'डॉक्टरीणबाई'ही नाही. काहीच म्हणाले नाहीत. मी बस पकडली.

साडेआठला मी एका चार वर्षांच्या मुलाच्या हाताला प्लास्टर गुंडाळत होते. तो घसरगुंडीवरून पडला होता आणि मला सगळी घसरगुंडी सांगत होता, एकेक पायरी. खिशात फोन थरथरला. हात ओले होते. मी प्लास्टर पुरं केलं, टिचकी मारली, अजून गप्प होतं. मग हात पुसून फोन घेतला.

आई होत्या. "ह्यांचा फोन आला होता."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तिला सांग, पोचली."

मी भिंतीला टेकले.

"आणि म्हणाले," आईंचा आवाज अजून तुटकच होता, पण आत कुठेतरी हसू दाबल्यासारखा, "पोरीचं टोपरं उलटं बांधलं होतं म्हणे. दिवसभर हाडं बांधतेस आणि एक गाठ धड बांधता येत नाही. हे मी नाही म्हणत हो. ते म्हणालेत. मी फक्त सांगितलं."

टोपरं नवऱ्याने बांधलं होतं. मी सांगितलं नाही.